गोल करवत, पाचर आणि मी विचारलेला एक चुकीचा प्रश्न

माझ्या ओपीडीच्या टेबलावर पेनांच्या डब्याशेजारी एक लाकडी दांडी ठेवलेली असते. हातभर लांब, पुढच्या टोकाला एक खाच, आणि टोकापासून चार बोटांवर दोन खोल चरे. बरेच पेशंट विचारतात, "डॉक्टर, हे काय?" मी म्हणतो, "माझं बोट." लोक हसतात आणि विषय तिथेच संपतो.

आज त्या दांडीची गोष्ट सांगतो. तिच्यात एक मशीन आहे, एक मिस्त्री आहेत, आणि डॉक्टर म्हणून मी कित्येक वर्षं विचारत आलेला एक चुकीचा प्रश्न आहे.

बारा वर्षांपूर्वीची संध्याकाळ

हाताच्या शस्त्रक्रिया हे माझं रोजचं काम. उसाच्या चरकात, पॉवर प्रेसमध्ये, कडबा कुट्टीत आणि सुताराच्या गोल करवतीत सापडलेले हात माझ्याकडे येतात. बारा वर्षांपूर्वी एका संध्याकाळी असेच एक मिस्त्री आले. वय पंचेचाळीसच्या आसपास. डाव्या हाताला टॉवेल गुंडाळलेला, तो रक्तानं भिजलेला. तर्जनी मधल्या पेरापासून तुटली होती आणि मधल्या बोटाची अर्धी जाडी कापली गेली होती.

त्यांच्या मेव्हण्यांनी तुटलेलं बोट आठवणीनं बरोबर आणलं होतं. एका स्टीलच्या डब्यात, थेट बर्फात खुपसून. त्यांनी चांगल्याच हेतूनं केलं होतं. पण बोट पांढरंफटक आणि कडक झालं होतं. बर्फाचा थेट स्पर्श झाला की पेशींमधलं पाणी गोठतं, पेशी फुटतात, रक्तवाहिन्यांचं अस्तर खराब होतं. त्यात करवतीनं टोकं फाडलेली. मी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं आणि बोट जोडण्याचा विचार सोडून दिला. तर्जनीची जखम बंद केली, मधल्या बोटाचा स्नायुरज्जू आणि मज्जातंतू शिवला.

दुसऱ्या दिवशी राउंडला मी त्यांना विचारलं, "मिस्त्री, पंचवीस वर्षं हेच काम करताय. लक्ष कुठं होतं तुमचं?"

ते बँडेजकडे बघत म्हणाले, "नव्हतं खरं."

मी मान हलवली आणि पुढच्या खाटेकडे गेलो. केसपेपरवर लिहिलेलं होतं : 'गोल करवतीवर डावा हात गेला.' एवढंच.

बटण दाबण्याआधीचे दोन रविवार

तीन वर्षांपूर्वी मला लाकूडकामाचा नाद लागला. घरात पुस्तकं वाढली होती, कपाटं आपणच करावीत असं मनानं घेतलं. गॅरेज रिकामं केलं आणि दहा इंची पात्याचं सॉ बेंच आणलं. म्हणजे लोखंडी टेबल, त्याच्या मधल्या फटीतून वर आलेलं गोल पातं, खाली मोटार. पातं जागेवर फिरतं, लाकूड आपण पुढे सरकवायचं. सहकारी म्हणाले, "सर्जन आहेस, बोटं सांभाळ की!" बायकोनं वेगळ्या शब्दांत तेच सांगितलं.

मशीन लावायला मी त्याच मिस्त्रींना बोलावलं. आमची ओळख टिकली होती. ते साडेतीन बोटांच्या डाव्या हातानं माझ्यापेक्षा सरळ रंधा मारतात. ते आले, मशीनभोवती एक फेरी मारली, आणि पहिल्यांदा प्लग काढून खिशात ठेवला.

"आज बटण नाही दाबायचं, डॉक्टरसाहेब."

पुढच्या रविवारीही नाही दाबलं. त्या दोन रविवारी त्यांनी जे केलं, ते मी क्रमानं सांगतो. ज्यांच्या वर्कशॉपमध्ये असं मशीन आहे त्यांना उपयोग होईल. ज्यांच्याकडे नाही, त्यांनीही वाचा. अपघात कुठे जन्माला येतो ते त्यातून कळतं.

आधी त्यांनी टेबल हलतंय का ते पाहिलं. एका पायाखाली पातळ पट्टी सारली. डुगडुगणाऱ्या टेबलावर माणूस नकळत तोल सावरायला हात टेकतो, आणि तो कुठेही टेकतो. मग पात्याला गुण्या लावून ते टेबलाशी बरोबर काटकोनात आहे का ते पाहिलं.

त्यानंतर पातं टेबलावरच्या खोबणीला समांतर आहे का, याची तपासणी. पात्याच्या एका दात्यावर पेन्सिलीनं खूण केली. तो दाता पुढे आणून खोबणीपासूनचं अंतर मोजलं, मग पातं हातानं फिरवून तोच दाता मागे नेला आणि पुन्हा मोजलं. दोन्ही अंतरं सारखी हवीत. एकच दाता का? दोन वेगळे दाते मोजले तर दात्यांमधलाच फरक मोजला जातो. हे त्यांना कोणी पुस्तकातून शिकवलेलं नव्हतं.

मग गाइड. म्हणजे ज्या उभ्या पट्टीला लाकूड टेकवून आपण पुढे सरकवतो ती. ती पात्याला समांतर हवी. मागच्या बाजूला ती पात्याकडे कणभर जरी कलली, तरी लाकूड गाइड आणि पात्याच्या मध्ये आवळलं जातं. अखंड लाकूड चिरताना तर त्यांनी गाइडला एक आखूड फळी लावली, जी पात्याच्या कापणाऱ्या भागापाशीच संपते. कापून झालेल्या लाकडाला पुढे मोकळी जागा मिळाली पाहिजे, म्हणून.

शेवटी पात्याची उंची. दाते लाकडाच्या थोडेसेच वर. "जेवढं कापायचं तेवढंच दिसू दे," हे त्यांचं वाक्य.

मी घाईला आलो होतो. पहिल्या रविवारी संध्याकाळी म्हणालो, "मिस्त्री, आता तरी एक फळी कापू." त्यांनी विचारलं, "तुम्ही पोट उघडायच्या आधी किती वेळ तयारी करता?" मी पोट उघडत नाही, हात उघडतो. पण मुद्दा कळला.

लाईट गेली, लाईट आली

दुसऱ्या रविवारी त्यांनी पिशवीतून एक स्टार्टर काढला. शेतातल्या पंपाच्या मोटारीला असतो तसला, एक हिरवं बटण आणि एक लाल. मशीनबरोबर आलेला साधा स्विच त्यांनी काढून टाकला आणि हा बसवला. लाल बटण गुडघ्यानं दाबता येईल अशा उंचीवर.

"साध्या स्विचला काय झालं?" मी विचारलं.

"साधा स्विच चालूच राहतो," ते म्हणाले. "लाईट गेली तरी तो चालू. परत आली की मशीन आपोआप फिरतं. ह्याच्यात कॉइल असते. लाईट गेली की हा सुटतो. आली तरी हिरवं दाबल्याशिवाय मशीन फिरत नाही."

मग स्क्रू पिळता पिळता, माझ्याकडे न बघता त्यांनी सांगितलं. त्या दिवशी त्यांच्या वर्कशॉपमध्ये भर कामात लाईट गेली. फळी अर्ध्यात अडकलेली, पात्याच्या फटीत एक कपचा रुतलेला. मालकाला दरवाजे दुसऱ्या दिवशी हवे होते. लाईट तासभर तरी येणार नाही, तेवढ्यात कपचा काढून घेऊ, म्हणून त्यांनी डावा हात घातला. लाईट आली.

बारा वर्षांपूर्वी हे मी विचारलंच नव्हतं. मी विचारलं होतं, लक्ष कुठं होतं. त्यांचं लक्ष कामावरच होतं. पात्यावर होतं, कपच्यावर होतं. चूक एका स्विचमध्ये होती आणि तो स्विच मशीन बसवणाऱ्यानं बसवला होता.

त्यांनी तेव्हा "नव्हतं खरं" असं का म्हटलं? मी त्यांना विचारलं नाही. पण अंदाज आहे. डॉक्टर रागावल्यावर आपले पेशंट असंच म्हणतात.

पाचर

माझ्या मशीनच्या खोक्यात एक चंद्रकोरीच्या आकाराची पोलादी पट्टी होती. तिला रायव्हिंग नाइफ म्हणतात. ती पात्याच्या लगेच मागे, त्याच रेषेत उभी बसते. मी ती माहितीपत्रकातून वाचून दाखवायला लागलो, तेवढ्यात मिस्त्री म्हणाले, "ही तर पाचर."

जुने सुतार हातकरवतीनं लांब फळी चिरताना चिरेत मध्येमध्ये पाचर ठोकत. लाकडाच्या पोटात ताण असतो. झाड वाकून वाढलेलं असतं, लाकूड आतून ओलं आणि बाहेरून सुकलेलं असतं. ते चिरलं की हा ताण मोकळा होतो, चीर मिटायला लागते आणि करवत आवळली जाते. हातकरवत आवळली तर माणूस थांबतो, घाम पुसतो, पाचर ठोकतो. मोटारीवरची करवत थांबत नाही.

इथे थोडं गणित. दहा इंची पात्याचा घेर सुमारे ८० सेंटीमीटर. मोटार मिनिटाला २८०० फेरे घेत असेल, तर दात्याचा वेग होतो ताशी १३० किलोमीटरहून जास्त. पात्याला ४० दाते असतील तर एका सेकंदात सुमारे १८०० दाते एका जागेवरून जातात. धोका कळल्यापासून हात हलेपर्यंत माणसाला साधारण सेकंदाचा पाचवा भाग लागतो. तेवढ्यात साडेतीनशेहून जास्त दाते जाऊन झालेले असतात. म्हणून 'सावध राहा' हा सल्ला अपुरा आहे. एवढं सावध कोणीच राहू शकत नाही.

पात्याचे पुढचे दाते खाली जात असतात, ते लाकूड टेबलावर दाबतात. मागचे दाते मात्र वर येत असतात. चीर मिटली किंवा लाकूड किंचित वळलं, की हे मागचे दाते लाकडाला उचलतात आणि त्याच वेगानं आपल्याकडे फेकतात. याला किकबॅक म्हणतात. लाकूड मागे फेकलं जातं हा अर्धा अपघात. उरलेला अर्धा असा, की ज्या लाकडावर आपण जोर देत होतो ते अचानक नाहीसं होतं, आणि तो जोर घेऊन हात सरळ पात्यावर जातो.

पाचर चीर मिटू देत नाही. तिची जाडी पात्याच्या पत्र्याहून जास्त आणि दात्यांच्या रुंदीहून कमी हवी. माझ्या पात्याचा पत्रा २.२ मिलिमीटर, दाते ३.२ मिलिमीटर, पाचर २.५ मिलिमीटर. दात्यांपासून ती आठ मिलिमीटरच्या आत हवी, दूर असली तर उपयोग नाही. एवढीशी पट्टी. आणि आपल्याकडच्या कितीतरी मशीनवर ती नसते. एक तर मशीन गावातच वेल्डिंग करून बनवलेलं असतं, नाही तर 'मध्ये येते' म्हणून काढून कोपऱ्यात टाकलेली असते. पात्यावरच्या झाकणाचंही तेच.

माझा रविवार

वर्षभर सगळं छान चाललं. दोन कपाटं झाली. मिस्त्रींनी जमिनीवर खडूनं एक रेघ मारून ठेवली होती, पात्याच्या सरळ रेषेत. "या रेघेवर उभं राहायचं नाही. डावीकडे." मी डावीकडे उभा राहायचो. अंगठी, घड्याळ काढून ठेवायचो. हातमोजे घालत नव्हतो, कारण फिरत्या पात्याजवळ मोज्याचा धागा अडकला तर तो बोटाला आत ओढतो. गॉगल, मास्क, कानाला मफ. आणि पातं जवळ आलं की हात मागे, लाकूड ढकलायला दांडी.

एका रविवारी तिसऱ्या कपाटाच्या बाजूच्या फळ्यांना खाचा पाडायच्या होत्या. खाच आरपार नसते, त्यामुळे वरचं झाकण आड येतं. माझ्या मशीनमध्ये झाकण पाचरीवरच बसवलेलं आहे, म्हणून दोन्ही काढावं लागलं. खाचा झाल्या. मग लक्षात आलं, एक फळी दोन इंचांनी अरुंद करायची राहिली आहे. दुपारचा दीड वाजला होता, जेवायला हाका येत होत्या. एकच तर फळी. पाचर समोरच्या फडताळावर होती, मला दिसत होती.

फळी निम्म्याहून पुढे गेली आणि मशीनचा आवाज बदलला. जड झाला. मला वाटतं, मी दांडी आणखी जोरात दाबली. पुढचं मला क्रमानं आठवत नाही. फळी माझ्या कमरेशेजारून गेली आणि मागच्या शटरवर आदळली. तो पोचा अजून आहे. माझा उजवा हात पुढे गेलेला होता, हातात दांडी होती, आणि दांडीवर दोन चरे पडले होते. लाल बटण मी गुडघ्यानं दाबलं होतं, ते केव्हा दाबलं ते आठवत नाही.

मी खाली बसलो. दहा बोटं मोजली. खरोखर मोजली. मग हात इतके थरथरायला लागले, की मोबाईल दोनदा खाली पडला. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या यादीत एका मुलाच्या हाताचं ऑपरेशन होतं.

मिस्त्रींना फोन केला. सगळं सांगितलं. पलीकडे थोडा वेळ शांतता. मी वाट बघत होतो की आता ते विचारणार, लक्ष कुठं होतं तुमचं.

त्यांनी विचारलं, "पाचर कुठं होती?"

त्या एका प्रश्नात मला दोघांमधला फरक कळला. मी त्यांना विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर 'चुकलं' एवढंच होतं, आणि त्यातून पुढच्या सुताराचं बोट वाचणार नव्हतं. त्यांनी मला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर फडताळावर होतं. उठायचं आणि बसवायचं.

तेव्हापासून माझ्या केसपेपरवर एक रकाना वाढला आहे. पाचर होती का? झाकण होतं का? दांडी होती का? स्विच कसला होता? मशीन कोणी लावलं? दर वेळी विचारतो. सोबत मालक आला असेल तर त्याच्यासमोर विचारतो.

करवतीची जखम वेगळी का असते

सुरीनं कापलं तर दोन सरळ कडा मिळतात. त्या एकमेकींना जोडता येतात. करवत मात्र मधला भागच घेऊन जाते. तीन मिलिमीटर रुंदीचं हाड, स्नायुरज्जू, रक्तवाहिनी आणि मज्जातंतू भुसा होऊन उडून जातात, शिवाय दोन्ही कडा फाटतात. बोट जोडायचं तर आधी ही फाटलेली टोकं छाटावी लागतात, हाड थोडं आखूड करावं लागतं, कधी दुसरीकडून शिरेचा तुकडा आणून मध्ये बसवावा लागतो. बोटातली रक्तवाहिनी मिलिमीटरभर जाडीची. ती शिवायचा धागा केसापेक्षा बारीक.

हे शक्य झालं त्याला फार काळ लोटलेला नाही. जपानमधल्या नारा इथे कोमात्सु आणि तामाई या सर्जननी १९६५ मध्ये पूर्ण तुटलेला अंगठा सूक्ष्मदर्शकाखाली यशस्वीपणे जोडला. त्याआधी तुटलेलं बोट म्हणजे गेलेलं बोट.

जोडलेलं बोट जगलं म्हणजे काम संपलं असंही नाही. मज्जातंतू दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढतो. बोटाच्या टोकाला स्पर्श कळायला काही महिने जातात आणि पूर्वीसारखा तो सहसा होत नाही. थंडीत बोट दुखतं. सांधे आखडतात, म्हणून व्यायाम महिनोन्‌महिने. त्यामुळेच प्रत्येक तुटलेलं बोट आम्ही जोडतोच असं नाही. अंगठा, एकाहून अधिक बोटं, लहान मुलाचं कुठलंही बोट असेल तर प्रयत्न नक्की. चेचलेलं एकच बोट असेल, तर कधी कधी जखम नीट बंद करून माणसाला लवकर कामावर पाठवणं जास्त हिताचं ठरतं. तो निर्णय सर्जनवर सोडा, पण तुकडा प्रत्येक वेळी आणा.

१९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याला एक परिशिष्ट जोडलेलं होतं. कुठला अवयव गेला तर कमावण्याची क्षमता किती टक्क्यांनी घटली असं धरायचं, त्याचा तक्ता. अंगठा ३० टक्के. संपूर्ण तर्जनी १४, मधलं बोट १२, अनामिका किंवा करंगळी ७. प्रमाणपत्रं लिहिताना हा तक्ता मला पाठ झाला. ज्या मिस्त्रींच्या वर्कशॉपमध्ये तीन माणसं काम करतात आणि ज्यांचे मालक तेच, त्यांना ही भरपाई देणार कोण? कारखान्यांसाठीचे संरक्षक नियमही अशा छोट्या वर्कशॉपपर्यंत सहसा पोचत नाहीत. तिथे तपासायला येणारं कोणी नसतं. आपणच तपासायचं.

अमेरिकेत स्टीफन गॅस या शोधकानं त्वचेचा स्पर्श विजेच्या फरकावरून ओळखून, काही मिलिसेकंदांत पातं जागेवर थांबवणारं मशीन तयार केलं. तंत्र उत्तम आहे, आपल्या बहुतेक सुतारांच्या आवाक्याबाहेरचं आहे. पण त्यामागचा विचार फुकट घेता येतो : माणूस चुकणार, असं धरूनच मशीन लावायचं.

घरी फर्निचरचं काम सुरू असेल तर

तुमच्याकडे सॉ बेंच नसेल, पण फ्लॅटमध्ये फर्निचरचं काम कधी ना कधी निघतंच. तिथे बहुतेक वेळा हातातलं कटर मशीन प्लायच्या तुकड्याखाली उलटं बांधून त्याचं टेबल केलेलं असतं. झाकण काढलेलं, बटण दाबलेल्या स्थितीत दोरीनं बांधलेलं, कारागीर समोर जमिनीवर बसलेला. म्हणजे बंद करायचं तर प्लग ओढायचा. हे दिसलं की ठेकेदाराशी बोला. घर तुमचं आहे, तुमचं ऐकलं जातं.

• बंद करायला हाताशी स्विच हवा. बांधलेलं बटण चालवून घेऊ नका. लाईट गेली की आधी प्लग काढायचा, मग पात्याला हात लावायचा.
• उभं राहून काम करता येईल असं घट्ट टेबल आणि पुरेसा उजेड द्या.
• पाचर आणि झाकण आहे का ते विचारा. दांडी म्हणजे फुकटची वस्तू, ती तर असायलाच हवी. कापाचे शेवटचे ३० सेंटीमीटर हातानं नव्हे, दांडीनं ढकलायचे.
• गाइडशिवाय, नुसत्या हातानं लाकूड पात्यावर घालू देऊ नका. मागून लाकूड ओढायला पात्याच्या पलीकडे हात नेणंही तितकंच धोक्याचं.
• सैल बाह्या, मनगटातले धागे, अंगठी नको. मुलांना त्या खोलीत नको.
• भुसा नाकात जाऊ देऊ नका. टणक लाकडाच्या भुशामुळे वर्षानुवर्षांनी नाकाचा आणि सायनसचा कर्करोग होऊ शकतो. दमा तर त्याआधीच होतो. मास्क तुम्ही आणून द्या.
• 'उद्या संध्याकाळपर्यंत हवंच' हे वाक्य दहादा विचार करून बोला.

बोट तुटलं तर

१. आधी प्लग काढा किंवा मेन बंद करा.

२. जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरा, हात छातीच्या वर उचला. सतत दाबलं की बहुतेक रक्तस्राव थांबतो. रबर बँड, सुतळी, वायर बोटाला आवळू नका. हळद, चहापावडर, तंबाखू जखमेत भरू नका.

३. हातातली अंगठी लगेच काढा. सुजल्यावर निघत नाही.

४. बोट थोड्या त्वचेला लटकत असेल तर तोडू नका. आहे तसं सरळ ठेवून कापड गुंडाळा. त्या त्वचेतूनच एखादी शीर जात असते.

५. तुटलेला भाग शोधा, भुशातही. सलाईननं किंवा स्वच्छ पाण्यानं हलकेच धुवा. स्पिरिट, डेटॉल, दूध काही नको. ओलसर स्वच्छ कापडात गुंडाळा, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तोंड घट्ट बांधा. ही पिशवी दुसऱ्या डब्यात, बर्फ आणि पाणी एकत्र करून त्यात ठेवा. बोटाला बर्फ थेट लागता कामा नये. फ्रीझरमध्ये ठेवू नका.

६. जखमीला खायला-प्यायला देऊ नका, भूल द्यावी लागेल.

७. सूक्ष्मशस्त्रक्रियेची सोय आहे तिथे आधी फोन करून निघा. रुग्णवाहिकेसाठी १०८. नीट थंड ठेवलेलं बोट ढोबळमानानं २४ तासांपर्यंत जोडता येऊ शकतं, थंड न ठेवलेलं साधारण १२ तास. तळहात किंवा मनगटापासून तुटलं असेल तर वेळ याहून फार कमी, कारण तिथे स्नायू असतात. म्हणून जितक्या लवकर तितकं चांगलं.

८. धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलंय का, हे डॉक्टरांना सांगा.

यातला पाचवा मुद्दा आज रात्री घरात मोठ्यानं वाचून दाखवा. बारा वर्षांपूर्वी त्या मेव्हण्यांना तो माहीत असता, तर मी निदान प्रयत्न तरी करू शकलो असतो.

मिस्त्री मागच्या महिन्यात बीपी दाखवायला आले होते. टेबलावरची दांडी उचलून त्यांनी चऱ्यांवरून अंगठा फिरवला. मी म्हणालो, "मिस्त्री, तेव्हा वॉर्डात मी तुम्हाला काहीतरी विचारलं होतं. तसं विचारायला नको होतं."

ते म्हणाले, "आठवतंय की." मग दांडी जागेवर ठेवत म्हणाले, "ही आता फेकून द्या, डॉक्टरसाहेब. पुढून खाल्लीय, ढकलताना घसरेल. नवीन करून देतो."

नवीन दांडी गॅरेजमध्ये आहे. जुनी मी टेबलावरच ठेवली आहे.